त्या जळवा नव्हत्या, मामा

मामा, हे मी आधी इंग्रजीत लिहायला घेतलं होतं. चार ओळी झाल्यावर वाचून पाहिल्या, तर प्रिन्सिपॉलना रजेचा अर्ज लिहावा तशा वाटल्या. तू त्या बघून म्हणाला असतास, "झकास गं मेमसाब! पण ह्यात मी कुठे आहे?" म्हणून फाडून टाकल्या. मराठीत माझा हात हळू चालतो. आज मी इतकी दमले आहे, की हळू चाललेलाच बरा.

काल तुझा तेरावा झाला. पंगती उठल्या, पाट धुऊन भिंतीला लावले. गावाहून आलेले तुझे चुलतभाऊ आज सकाळच्या बोटीने परत गेले. आई पहिल्यांदाच दुपारची झोपली आहे. मी तुझ्या माशांच्या पेटीसमोर बसले आहे. तू कुठे जन्मलास, मुंबईत कधी आलास, फ्रेमच्या दुकानात किती वर्षं काढलीस, हे सगळं या दिवसांत येणाऱ्या-जाणाऱ्यांनी इतक्या वेळा सांगितलं, की ते आता दुसऱ्याच कुणा गंगारामबद्दल असावं असं वाटतं. दुकानात काच मोजता मोजता तू खाली बसलास आणि उठला नाहीस, हेसुद्धा. त्यात मला काही भर घालायची नाही. मला तुझ्याशी एकाच गोष्टीबद्दल बोलायचं आहे. आपलं भांडण अर्धं राहिलं.

पेटी तू स्वतः बनवलीस. दुकानातल्या उरलेल्या काचा, लोखंडी अँगल आणि काचा बसवायची लांबी. पहिला महिनाभर ती एका कोपऱ्यातून गळत होती आणि तू रोज संध्याकाळी दुकानातून आलास की हात न धुता आधी तो कोपरा चाचपून बघायचास. मग मढचा तुझा दोस्त डिसोझा डब्यातून एंजल माशांची जोडी घेऊन आला. चपटे, रुपेरी, अंगावर काळे पट्टे. आई कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

"गंगाराम, ही पापलेटां पोसूची कित्याक? बाजारात तयार गावतत."

"ताय, तेंच्याकडे अशी बघू नको. घाबरतत ती."

डिसोझा इतका हसला की त्याच्या हातातला चहा सांडला. मी दाराआड उभी होते. परकं माणूस आलं की मी तिथेच असते, हे तुला ठाऊक होतं. तू कधी मला "बाहेर ये, बोल" असं म्हणाला नाहीस. बाकी सगळे म्हणायचे. तू फक्त पेटीसमोर माझ्यासाठी एक खोका ठेवलास, उलटा घालून. त्यावर बसून मी तुझ्याबरोबर तास-तास गप्प राहू शकत असे. घरात दुसऱ्या कोणाबरोबर मला ते जमलं नाही. कॉन्व्हेंटमध्ये शिकवून पोरीला मुकी केली, असं शेजारच्या काकू म्हणाल्या, तेव्हा तू म्हणालास, "मुकी नाय हो, ती बघते." एवढंच. ते मी कुठे लिहून ठेवलं नव्हतं, पण ते माझ्याजवळ आहे.

पाणवनस्पती आणायला आपण पवईच्या तलावावर गेलो होतो. तू धोतर गुडघ्यापर्यंत खोचून पाण्यात उतरलास आणि रुंद पानांची ती झुडपं मुळासकट उपटून माझ्या हातात दिलीस. आता वाटतं, ते किडे त्यांच्याबरोबरच आले असणार. त्या मुळांशी दोन-चार असतील, आपल्याला दिसले नाहीत. आधी मासे त्यांना वाढू देत नसतील, किंवा त्यांना खायला फारसं नसेल. वाढायला कारण आपण दिलं. श्रावण लागला.

एरवी तू माशांना नाल्यातले लाल किडे आणून घालायचास, चिखलातून धुऊन, वाटीत ठेवून. श्रावणाच्या पहिल्या सकाळी आईने ती वाटी मोरीच्या कठड्यावरून उचलून सरळ गॅलरीत ठेवली.

"माझ्या घरात श्रावण आसा. जिवंत किडे हाडून कोणाक खावक घालूचे नाय."

बाबा पेपरमागून म्हणाले, "अगं, मासे आहेत ते."

"मग? ह्याच घरात रवतत ना?"

तू एक शब्द वाद घातला नाहीस. आईशी तू कधीच घातला नाहीस. "बरां ताय. मासे आजपासून माळकरी." आणि खरोखरच महिनाभर आपण त्या माशांना मऊ भात घातला, कधी भिजवलेला रवा, कधी उकडलेला वाटाणा चिरडून. ते तोंडात घेत आणि थुंकत. भात खाली रेतीत जाऊन बसे. तुला वाईट वाटे, म्हणून तू आणखी घालायचास. मी शेजारी खोक्यावर बसून बघत होते.

दुसऱ्या आठवड्यात काचेवर पांढरे धागे सरकताना दिसले. बोटाच्या नखाएवढेसुद्धा नव्हते. तू घड्याळवाल्याकडून भिंग मागून आणलंस आणि काचेला नाक लावून म्हणालास, "जळवा! सुमे, जळवा झाल्या पेटीत."

मी भिंगातून पाहिलं. आणि मला कळलं, मामा. त्याच क्षणी कळलं. जळू असती तर पुढचं टोक टेकवून, मागचं ओढून घेत, कमान करत चालली असती. हे तसे चालत नव्हते. पाणी वाहावं तसे काचेवरून सरकत होते. डोकं त्रिकोणी, बाणाच्या टोकासारखं, आणि त्यावर दोन काळे ठिपके, तिरळ्या माणसाचे असावेत तसे आत वळलेले. कॉलेजात प्रॅक्टिकलला बाईंनी हेच दाखवले होते. चपटकृमी. आम्ही ब्लेडने त्याचे दोन तुकडे करून बशीत ठेवले होते. आठवड्याने पाहिलं तर डोक्याच्या तुकड्याला शेपूट फुटत होती आणि शेपटीच्या तुकड्याला डोकं. वर्गातल्या मुली किंचाळल्या होत्या. मी चित्र काढलं होतं.

आणि तू दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानातलं काच खरवडायचं पातं आणलंस.

रोज दुकानात जाण्याआधी तू बाही वर सारून पेटीत हात घालायचास आणि काच वरून खाली खरवडायचास. किडे कापले जायचे, तुकडे पाण्यात तरंगत खाली जायचे. "आज वाट लावली साल्यांची," असं म्हणत तू हात पुसायचास आणि खुशीत निघून जायचास. दुसऱ्या सकाळी काच पुन्हा पांढरी. "कुठून येतात गं एवढ्या?" तू मला विचारायचास. मी "काय माहीत" म्हणायचे.

तीन आठवडे मी "काय माहीत" म्हणत राहिले. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. तुला मजा येत होती, हे एक. आणि दुसरं असं, की तू मला शिकवायचास आणि मी शिकायचे, पेटीसमोर आपलं तसंच ठरलं होतं. मी तुला काही सांगितलं असतं तर ते बदललं असतं. मला ते बदलायचं नव्हतं.

मग श्रावण सरता सरता एका रविवारी डिसोझा आला. एंजलांनी त्याच आठवड्यात दुसऱ्यांदा पानावर अंडी घातली होती आणि दुसऱ्यांदा ती नाहीशी झाली होती. तू दोन वर्षं वाट बघत होतास, त्या अंड्यांतून एकदा तरी पिल्लं निघावीत म्हणून. तू डिसोझाला काच दाखवलीस, जळवा दाखवल्यास, पात्याची तारीफ केलीस. त्याने माझ्याकडे वळून इंग्रजीत विचारलं, "तू शिकतेस ना हे? तुला काय वाटतं?" त्याला माझ्याशी इंग्रजी बोलायला आवडायचं.

आणि मी बोलले. मामा, मी कधी एवढं बोलत नाही. सगळं इंग्रजीत. ह्या जळवा नाहीत, ह्यांना कापलं की प्रत्येक तुकड्याचा नवा किडा होतो, म्हणजे ह्या मामानेच केल्या आहेत, रोज सकाळी, पात्याने. अंडीही तेच खातात. थोडंसं वाचलेल्या कुणालाही हे कळलं असतं. हे शेवटचं वाक्य मी म्हटलं. म्हणताना मला बरं वाटलं. ते मी लपवत नाही.

डिसोझा मोठ्याने हसला. "अरे गंगाराम, तू तर त्यांची फॅक्टरी काढलीस रे!"

तुला शब्द सगळे कळले नव्हते. पण हसू कोणावर आहे ते कळलं. तूही हसलास, पातं खिशात ठेवलंस आणि डिसोझाला खालपर्यंत सोडायला गेलास. वर आल्यावर चप्पल काढता काढता म्हणालास, "मला सांगायचं ना गं. मराठीत." रागावून नाही. त्या रात्री पोट ठीक नाही म्हणून तू जेवला नाहीस.

डिसोझाने जिन्यात तुला सगळं समजावलं असावं, कारण त्यानंतर तू पात्याला हात लावला नाहीस. मला काही विचारलंही नाहीस. दोन दिवसांनी तूच बोललास, जणू काही झालं नाही असं. पण बोललास ते वाद घालायलाच, आणि मला त्याचा आनंद झाला. "बाकी सगळं तुझं खरं. पण अंडी किडे नाय खात. आईबापच खातात."

"आईबाप कशाला खातील?"

"घाबरले की खातात. कोणीतरी आपली अंडी नेणार असं वाटलं, की आपणच खाऊन टाकतात."

"मामा, हे तू बनवलंस."

"बघितलंय गं मी."

"कधी?"

"बघितलंय म्हणतो ना. पुढच्या खेपेला तूच बघ. कोण खातं ते बघ, मग बोलू." पैज लावल्यासारखा तू हात पुढे केलास. मी हातावर हात मारला नाही. मला त्या दिवसांत तुझ्या डोळ्यांकडे बघवत नव्हतं. मनात माफी मागायची होती, आणि माफीचा शब्दही मला इंग्रजीतलाच आठवत होता. तो फार स्वस्त वाटला. म्हणून म्हटलं, पुढच्या खेपेला. गणपती येऊन गेले. मग ती दुकानातली दुपार.

लग्न झालेल्या बहिणीला तीनच दिवस सुतक, असं शेजाऱ्यांनी आईला सांगितलं. ती म्हणाली, "माझो भाव माझ्या घरात रवलो. धाय दिवस पाळतलंय." 

चौथ्या दिवशी मला दिसलं, की एंजलांची जोडी एक पान तोंडाने पुसते आहे, वरून खाली. पान पुसायला लागले की चार दिवसांत अंडी, हे तूच सांगितलेलं. काचेवर किडे तसेच होते. मी मनाशी ठरवलं, की यावेळी किडे काढायचे. कापायचे नाहीत. पेटी स्वच्छ असेल आणि अंडी राहतील, तेव्हा कोण खात होतं ते आपोआप ठरेल. तुझ्यासाठी पिल्लं वाचवायची होती, असं मी आईला सांगितलं असतं. तेही खरंच होतं. पण तू नसतानाही मला भांडण जिंकायचं होतं.

किड्यांना पकडायला मांसाचा तुकडा लागतो. आणि घरात सुतक. त्याच दिवशी डिसोझा भेटायला आला होता. बाबांजवळ बराच वेळ नुसता बसून राहिला. निघाला तेव्हा मी त्याच्या मागोमाग जिन्यापर्यंत गेले. परक्या माणसाच्या मागे मी आपणहून पहिल्यांदाच गेले असेन.

"अंकल, उद्या दोन-तीन कोलंब्या आणाल?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. "गंगारामच्या पेटीसाठी?" मी मान हलवली. "आईला माहीत आहे?" मी मान हलवली, उलटी.

तो मढहून दुसऱ्या दिवशी पानात गुंडाळून तीन कोलंब्या घेऊन आला, दारातच दिल्या आणि गेला. मी त्या पदराखालून मोरीत नेल्या. आईने दोन खोल्यांपलीकडून वास घेतला.

"घरात सुंगटां खंयसून इली?"

ती मोरीच्या दारात आली. माझ्या हाताकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं. रडून तिचे डोळे इतके सुजले होते, की ती रागावली आहे की नाही तेही कळत नव्हतं.

"किती हत?"

"तीन."

"डोकी तेंका घाल. रवलेला मांजराक दी. आणि हात राखेन धू." एवढं बोलून ती आत गेली आणि तिने पुन्हा डोक्यावरून पाणी घेतलं.

किड्यांना उजेड नको असतो, म्हणून मी भर दुपारी पेटीवर तुझी घोंगडी टाकली. कोलंबीच्या डोक्याचा तुकडा मलमलच्या चिंधीत बांधला, म्हणजे माशांना तोडता येणार नाही, आणि दोऱ्याने तळाशी सोडला. आईने विचारलं, "माशांक थंडी वाजता काय गो?" तुझ्यानंतर तिची ती पहिली थट्टा. हसायला मात्र आम्हा दोघींना जमलं नाही. तासाभराने घोंगडी काढून दोरा हळू वर घेतला, तर चिंधी पांढरी झाली होती. एकावर एक चिकटलेले. मी ती तशीच मिठाच्या कढत पाण्यात टाकली. मग रबरी नळीने रेतीतला कुजका भात ओढून काढला. त्याचा काळा, आंबट वास घरभर झाला. तीन दिवस हेच केलं, दर दुपारी दोन-तीनदा. तिसऱ्या दिवशी आई माझ्याशेजारी येऊन बसली आणि दोरा वर आला की चिंधीकडे बघून "कमी झाले" किंवा "हत अजून" असं म्हणू लागली.

आठव्या दिवशी अंडी दिसली. पानावर ओळीने चिकटवल्यासारखी, पाण्याच्या थेंबासारखी स्वच्छ. दोन्ही मासे पंख हलवून त्यांना वारा घालत होते. काचेवर एकही किडा नव्हता. मी मनात तुला म्हटलं, बघ.

नवव्या दिवशी काही अंडी दुधासारखी पांढरी पडली. मेलेली. रेतीतून कुठूनसे दोन किडे वर आले, देठावरून सरकत पानावर गेले, आणि थेट त्या पांढऱ्या अंड्यांवर जाऊन बसले. शेजारी जिवंत अंडी होती, त्यांना त्यांनी तोंड लावलं नाही. मी भिंग धरून बराच वेळ बसले. माझ्या वहीत असं काही लिहिलेलं नव्हतं.

मला तेव्हाच थांबायला हवं होतं. पण ते दोन किडे मला बघवेनात. मी बाही वर सारली, पाण्यात हात घातला आणि पानापाशी आणखी एक चिंधी सोडली.

दहाव्या दिवशी सकाळी बाबा आणि तुझे चुलतभाऊ तुझ्या दहाव्याला गेले. आई आत पडून होती. मी पेटीसमोर एकटी होते. नर पानाजवळ आला. मला वाटलं, वारा घालायला आला. त्याने एक अंडं उचललं. मग दुसरं. मग मादी आली. घाई नव्हती त्यांना. एका टोकापासून सुरुवात करून, पांढरी, स्वच्छ, सगळी, त्यांनी पान पुसून काढलं. मी काचेवर हात मारला नाही. मारून काही झालं नसतं. पाच दिवस मीच त्यांच्यावर घोंगड्या टाकत, हात घालत, दोरे सोडत आणि ओढत होते. कोणीतरी आपली अंडी नेणार, असं त्यांना माझ्यामुळेच वाटलं असणार.

"तू बघितलं होतंस," मी मोठ्याने म्हटलं. "खरंच बघितलं होतंस."

आतून आईचा आवाज आला. "कोणाशी बोलतंस गो?"

मी आत गेले आणि तिच्या उशाशी बसून सगळं सांगितलं. कापलेले किडे, तीन आठवडे, डिसोझा, मी म्हटलेलं ते शेवटचं वाक्य, तू न जेवलेला. तिला यातलं काही ठाऊक नसेल, असं मला वाटत होतं. ती छताकडे बघत ऐकत होती.

"माका म्हायत आसा," ती म्हणाली. "तेणां माका तेच दिवशी सांगल्यान. म्हणालो, ताय, आमच्या सुमीन आज डिसोझाक इंग्लिशीत गप केल्यान. असां बोलली, असां बोलली! तू खंय होतंस ऐकूक?"

खरं असेल का हे? आई मला बरं वाटावं म्हणून काहीही सांगेल. पण "असां बोलली, असां बोलली" हे म्हणताना तिने मान तुझ्यासारखी उडवली. आणि तू त्या रात्री ताट सारलंस, तेही मी पाहिलं होतं. दोन्ही एकाच माणसाचं असेल. तू असतास तर विचारलं असतं, आणि तू काहीतरी थट्टा करून टाळलं असतंस.

तेव्हापासून मी पेटीत हात घातलेला नाही. थोडे किडे उरले आहेत, ते असू देत. बाबा पेटी डिसोझाला देऊन टाकू म्हणतात. मी अजून हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही. आज तेवढा विचार करायची ताकद नाही.

अंडी आईबापच खातात, मामा. तू बरोबर होतास. आणि त्या जळवा नव्हत्या, त्यात मी बरोबर होते. पण ते मला ज्या दिवशी कळलं, त्याच दिवशी, तू पातं आणायच्या आधी, तुझ्या कानाशी, हळू आवाजात सांगायला हवं होतं.